मेहेंदळे भांडले नाहीत

श्यामसुंदर मेहेंदळे त्या सकाळी भांडले नाहीत, आणि ही गोष्ट वेळेवर कुणाच्या लक्षात आली नसती तर ते मेले असते. इतकं सरळ होतं ते. पण लक्षात यायचं कसं? कॅज्युअल्टीतली यच्चयावत माणसं त्यांच्या गप्प बसण्यावर इतकी खूश होती, की पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

मेहेंदळ्यांचं भांडण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आवाज चढवणं, हातवारे, शिवीगाळ? छे! माणूस सदाशिव पेठेतला. शिवाय टेलिफोन खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला, आणि तेही लोक एका फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे त्या काळात. "आपला नंबर आला की कळवू," हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत इतक्या वेळा म्हटलं होतं, की पुढे भाजीवाल्याच्या खिशात मोबाईल वाजायला लागला तेव्हा तो त्यांना स्वतःचा अपमान वाटला. ते हळू आवाजात, अहो-जाहो करत, समोरच्याची सालं काढायचे. "अहो, बाहेर 'तातडीची सेवा' असं लिहिलंय. तातडी कुणाला असणं अपेक्षित आहे, आम्हाला की आपल्याला?" किंवा, "हा पंखा वाऱ्यासाठी आहे, की पाहुण्यांना दाखवायला?" समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते पेपर उघडून बसलेले असत.

त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना दम्याचा त्रास. महिन्या-दोन महिन्यांनी धाप लागे, मेहेंदळे त्यांना रिक्षाने घेऊन येत, वाफ दिली की तासा-दोन तासांत बाईंना उतार पडे आणि दोघं घरी जात. तेवढ्या वेळात ते सगळ्या कॅज्युअल्टीला पिळून काढत. सिस्टर मैना तर त्यांची रिक्षा दिसली की कपाळाला हात लावायची. ती खराडीची, शेतकऱ्याच्या घरातली. त्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, घरापुढे दोन गाड्या होत्या, तरी बाईने सिस्टरकी सोडली नव्हती. "घरी बसून काय करू, एसीचा वारा मोजू?" म्हणायची.

आणि सगळ्यांत जास्त पिळली जायची डॉक्टर दीपमाला इंगोले. ती वाशीमची. नागपूरला शिकली, लग्न झालं, नवऱ्याला खराडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली म्हणून पुण्यात आली, आणि या लहानशा हॉस्पिटलात दिवसपाळीला कॅज्युअल्टी सांभाळू लागली. पहिल्याच आठवड्यात मेहेंदळे दांपत्य हजर. दीपमाला आपली सरळपणाने म्हणाली, "काका, तुम्ही बसून राहा ना, मी काकूंना पाहून राहिली."

मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाहून राहिलात? वा. पाहून झालं की सांगा, म्हणजे आम्ही बसून राहिलेले उठून राहू."

बाकावरचे दोघंतिघं फिस्सकन हसले. दीपमालाने त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, इकडची माणसं अशीच बोलतात, मनाला लावून घेऊ नको. लावून न घ्यायला मन काय भिंत आहे? तेव्हापासून ती हॉस्पिटलात पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागली, आणि मेहेंदळे दिसले की केसपेपरात डोकं घालायची. तिला तो माणूस आवडत नव्हता. अगदी मनापासून आवडत नव्हता.

तर ती सकाळ. माघ संपत आला होता, हवेत अजून गारवा होता. रिक्षा थांबली. मैनाने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. आनंदीबाई पदर छातीशी धरून, हा-हू, हा-हू करत आत आल्या आणि खाटेवर बसल्या. मागून मेहेंदळे आले. त्यांनी दाराला धरलं, जरा थांबले, मग बाकापर्यंत गेले आणि बसले. पंख्याबद्दल काही नाही. तातडीबद्दल काही नाही. पेपरही नव्हता काखेत.

"आज काका लईच गप हायेत," मैना दीपमालाच्या कानाशी लागली. "देव पावला म्हनायचं."

"पावू दे," दीपमाला म्हणाली. खरं सांगायचं तर तिलाही हायसं वाटलं. कधी नव्हे ती सकाळ सुखाची जाणार होती. तिने पडदा ओढला, आनंदीबाईंच्या बोटाला यंत्र लावलं आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला.

पाठ स्वच्छ होती. दमेकऱ्याची छाती कशी वाजते हे दीपमालाला झोपेतही ऐकू आलं असतं. फुटक्या पेटीचे सगळे सूर एकदम लागावेत तशी. इथे तसलं काही नव्हतं. तिने वर ऐकलं, खाली ऐकलं, पुढून ऐकलं. हवा छान आत जात होती, छान बाहेर येत होती. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा तरण्याताठ्या पोरीला शोभावा असा होता. आणि आनंदीबाई मात्र हा-हू, हा-हू.

दीपमालाला राग आला. इतके दिवस नवरा छळत होता, आता बायकोही नाटकं करायला लागली की काय!

"काकू," ती म्हणाली, "तुमची छाती तर अगदी साफ आहे."

आनंदीबाईंनी तिचं मनगट गच्च पकडलं. धाप जागच्या जागी थांबली. "हळू बोल गं बाई!" त्या कुजबुजल्या. "मला काही झालेलं नाही. त्यांच्याकडे बघ. सकाळी चहा अर्धा टाकला. तो माणूस चहा टाकत नाही कधी. मग दाराची कडी लावताना भिंतीला धरून उभे राहिले. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, मला काय धाड भरलीय? स्वतःसाठी पायरी चढायचे नाहीत ते, मरतील पण चढायचे नाहीत. मग मीच धाप लागल्याचं सोंग केलं. माझ्यासाठी मात्र येतात, लगेच येतात." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगितलंय असं त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर उठतील आणि चालायला लागतील. मला नाही आवरता यायचे."

एवढं बोलून त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा, बाहेर ऐकू जाईल अशी, हा-हू सुरू केली.

दीपमालाने पडदा बोटभर सरकवला. हात लावण्याआधी माणूस नुसता बघायचा, नीट बघायचा, हे तिला नागपूरच्या सरांनी शिकवलेलं. पण आल्यापासून तिने मेहेंदळ्यांकडे बघायचं टाळलंच होतं. आता बघितलं. ते कोपरं गुडघ्यांवर टेकून बसले होते. चेहरा राखाडी. गारठ्यातही कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम. एक हात छातीवर नाही, पोटावर. छातीवर हात असता तर मैनानेसुद्धा धाव घेतली असती.

"काकांना शुगर आहे?"

"आहे की. चांगली दहा-बारा वर्षं."

झालं. दीपमालाच्या डोक्यात सगळं एका रांगेत येऊन बसलं. जुन्या मधुमेह्याचं हृदय बिघडलं तर दुखेलच असं नाही. नुसती मळमळ, नुसता घाम, नुसतं गळून गेल्यासारखं. माणूस म्हणतो पित्त झालं असेल, आणि घरी जाऊन पडतो, आणि पडूनच राहतो. ईसीजी काढायला हवा होता, आत्ता, या क्षणाला. पण "काका, तुमचा ईसीजी काढायचाय," म्हटलं की ते उठणार. त्यांना धरून ठेवायला ना कायदा होता, ना चार माणसं.

ती बाहेर गेली. तोंडाला येईल ते बोलली. "काका, एक नवीन नियम झालाय. दम्याच्या पेशंटबरोबर जे नातेवाईक येतात, त्यांचाही ईसीजी काढावा लागतो."

मैना आ वासून बघत राहिली. असला नियम तिने जन्मात ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. दीपमाला मनातल्या मनात कान मिटून उभी राहिली. आता येणार. "मग रिक्षावाल्याचाही काढा, तोही बरोबरच आला होता." किंवा, "हा नियम लेखी मिळेल का? फ्रेम करून लावीन म्हणतो." यावं, असं तिला वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटत होतं की या माणसाने आपलं वस्त्रहरण करावं.

"बरं," मेहेंदळे म्हणाले, आणि शर्टाची गुंडी काढू लागले. गुंडी त्यांना सापडेना.

दीपमालाने त्यांचं मनगट धरलं.

"मैनाताई, ट्रॉली!" ती ओरडली. "काका, आडवे व्हा. माझ्याकडे पाहून राहा. डोळे नका मिटू, माझ्याकडे पाहून राहा!" तिची वाशीमची बोली सगळ्या कॅज्युअल्टीभर घुमली आणि मेहेंदळ्यांनी त्यावरही काही टोमणा मारला नाही. ते खरोखर तिच्याकडे पाहत राहिले.

यंत्रातून कागद सरकत आला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका, शंका घ्यायला जागाच नव्हती. नाडी मंद, ढकलून चालवल्यासारखी. बीपी खाली आलेलं. मैनाने सवयीने जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली होती. दीपमाला म्हणाली, "ती नको, बीपी आणखी पडेल. पाय वर घ्या. सलाईन जोरात सोडा." मैनाने गोळी ठेवली आणि पहिल्याच टोचणीत शीर धरली. ॲस्पिरिन त्यांच्या तोंडात घालून दीपमाला म्हणाली, "गिळू नका, चावा." ते आज्ञाधारकपणे चावत राहिले. नाडी वाढवायचं इंजेक्शन गेलं. हृदयरोगाच्या डॉक्टरांना फोन गेला. ते कोथरूडहून निघाले, पण निघता निघता म्हणाले, "माझी वाट बघू नका. गुठळी विरघळवायचं औषध सुरू करा."

ते औषध म्हणजे दुधारी काम. हृदयाच्या नळीतली गुठळी विरघळवतं, पण क्वचित मेंदूत रक्तस्राव करतं. घरच्यांना विचारावं लागतं. मुलगा शुभंकर खराडीला, मीटिंगमध्ये, फोन बंद. दीपमाला पडद्याआड गेली. तिने आनंदीबाईंना सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. "दिलं तर धोका थोडा आहे. नाही दिलं तर फार आहे."

आनंदीबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "तुझ्या बापाला दिलं असतंस का?"

"दिलं असतं."

"मग दे. मला काय विचारत बसलीस?"

औषध सुरू झालं. पुढचा वेळ दीपमाला त्या खाटेपासून हलली नाही. बाकीचे पेशंट वरच्या डॉक्टरांनी येऊन बघितले. कुणाचं बोट कापलं होतं, कुणाचं पोर तापलं होतं. ती आपली मेहेंदळ्यांच्या नाडीवर बोटं ठेवून मॉनिटरकडे डोळे लावून बसली. मधेच त्यांनी डोळे उघडले.

"तिला बघा," ते म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "तिचा नंबर आधी आहे. मी नुसता बरोबर आलोय."

"काकूंना वाफ दिलीय. बऱ्या आहेत."

"नक्की?"

"नक्की, काका."

पडद्याआडून लगेच हा-हू ऐकू आली. मैनाने तोंड फिरवलं, हसावं की रडावं तिला कळेना.

मग एकदा मॉनिटरवर सगळं विस्कटलं. ठोके वेडेवाकडे पडू लागले, यंत्र किंचाळायला लागलं, मैनाने शॉकचे पॅडल हातात घेतले. दीपमालाला ठाऊक होतं की गुठळी सुटताना कधी कधी असं होतं. ठाऊक असणं वेगळं आणि समोर होताना बघणं वेगळं. बोटांखालची नाडी मात्र चालू होती. "थांबा, मैनाताई," ती म्हणाली. "नाडी आहे. थांबा." दोघी श्वास धरून उभ्या राहिल्या. ठोके अडखळले, पुन्हा अडखळले आणि हळूहळू ओळीत आले. मेहेंदळ्यांच्या गालांवरचा राखाडी रंग उतरत गेला. कोथरूडचे डॉक्टर पोचले तेव्हा त्यांनी नवा ईसीजी जुन्याशेजारी धरला आणि मान हलवली. "वेळेत दिलंत," एवढंच म्हणाले. दीपमाला बाकावर बसली आणि तिला जे रडू आलं, ते आवरायच्या भानगडीत ती पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी ती वरच्या मजल्यावर आयसीयूत गेली. मेहेंदळे उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, पण डोळे जागेवर आले होते.

"या," ते म्हणाले. "तो नियम कुठल्या सरकारने काढला हो?"

दीपमाला हसली. "काढावा लागला, काका."

"खोटं बोलायलाही सराव लागतो, डॉक्टरीणबाई. आपल्याला तो नाही. आमच्या हिलाही नाही."

दीपमाला दचकली. "म्हणजे?"

मेहेंदळ्यांनी दाराकडे नजर टाकली. तिथे कुणी नव्हतं. "खरी धाप लागली की तिला एक अक्षर बोलता येत नाही. काल निघताना मला सांगत होती, किल्ली घ्या, पाकीट घ्या. मग रिक्षावाल्याला, इकडून नको, तिकडून घे, वळसा पडेल. चौकाचौकात सांगत होती. धाप कुठली? मला घराबाहेर पडतानाच समजलं होतं."

"मग आलात कशाला? उठून घरी का नाही गेलात?"

ते चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. "घाबरलो होतो," शेवटी म्हणाले. "भिंतीला धरून उभा होतो ना, तेव्हा वाटलं, संपलं आता. तिला कसं सांगायचं? आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, मी कशाला घाबरलोय असं तिने कधी पाहिलेलं नाही. तेवढ्यात तिने ते सोंग सुरू केलं. म्हटलं, बरं झालं. नेतो तिलाच." त्यांनी वर बघितलं, आणि त्या डोळ्यांत टोमणा नव्हता, विनवणी होती. "तिला सांगू नका. तिला वाटू दे की तिने मला फसवून आणलं."

दीपमालाला या माणसाचा वर्षभर राग आला होता. तो राग आता कुठे शोधूनही तिला सापडेना. "नाही सांगत, काका," ती म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली. आनंदीबाई दारात आल्या. हातात पेजेचा डबा, पदर नीट खोचलेला, श्वास अगदी संथ. त्यांनी काचेतून नवऱ्याला बघितलं, डॉक्टरला बघितलं, डबा या हातातून त्या हातात घेतला, आणि पदर छातीशी धरून हा-हू, हा-हू करत आत आल्या.

मेहेंदळ्यांनी लगेच पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली. "बस आधी, बस. एवढी धाप लागते तर जिना चढून यायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही एकटे ना," आनंदीबाई मधे मधे श्वास घेत म्हणाल्या.

त्यांनी सलाईनचा हात जपत बायकोच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू चोळू लागले. दोघांनीही दीपमालाकडे बघितलं. दोघांच्याही नजरेत एकच गोष्ट होती. ती पुढे झाली, गळ्यातला स्टेथोस्कोप काढला आणि आनंदीबाईंच्या पाठीवर ठेवून वर, खाली, पुन्हा वर, अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिली.

"छाती थोडी भरलीय, काकू," ती म्हणाली. "आज घरी जाऊ नका. काकांजवळच बसून राहा."